एकाच पंगतीला कोण बसणार? सिक्लिडचं घरचं खाणं आणि टाकीतले शेजारी

ऑस्कर या मोठ्या सिक्लिड माशाला एकदा सालासकट मटार टाकून बघा. तो दाणा गपकन तोंडात घेतो, विचारात पडल्यासारखा थांबतो, गळ्याजवळ काहीतरी हललेलं दिसतं, आणि मग कल्ल्यांच्या फटीतून रिकामं साल आणि थोडा हिरवा भुगा बाहेर पडतो. सिक्लिडच्या घशात जबड्यांची दुसरी जोडी असते. चावायचं काम ती करते, त्यामुळे पुढचं तोंड वेगवेगळ्या कामांना मोकळं राहिलं. कुणाचं तोंड खडकावरचं शेवाळ खरवडणारं, कुणाचं वाळू चाळणारं, कुणाचं दुसऱ्याची पिल्लं गिळणारं. या एका कुळात आजवर १७०० हून अधिक जाती नोंदल्या गेल्यात, त्यामागे हा घशातला जबडा हे एक मोठं कारण मानलं जातं.

म्हणून ‘सिक्लिडला काय खायला घालू?’ या प्रश्नाला एक उत्तर नाही. आणि ‘सिक्लिडसोबत कुठला मासा ठेवू?’ हा प्रश्न त्यापासून वेगळा नाही. टाकीत पडलेला तुकडा सगळ्यांसाठी पडतो, कुणाला वेगळं ताट वाढता येत नाही. ज्यांना एकच खाणं मानवतं तेच वर्षानुवर्षं एकत्र टिकतात. मी हे उलट्या क्रमाने शिकलो. आधी रंग बघून मासे आणले, मग त्यांच्या पोटाची चौकशी केली.

आधी पोट ओळखा

आपला मासा खालीलपैकी कुठल्या गटात बसतो ते ठरवल्याशिवाय मिक्सर काढू नका.

शेवाळ खरवडणारे: आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातले म्बुना (खडकांत राहणारे सिक्लिड) आणि टांगानिका सरोवरातले ट्रोफियस. खडकावरचा शेवाळाचा थर आणि त्यात दडलेले बारीक जीव हे यांचं अन्न. हा चारा पचायला वेळ लागतो, म्हणून यांची आतडी लांबलचक असतात. अशा माशाला रोज मांसाचा गोळा मिळाला की पचन बिघडतं, पोट फुगतं, मासा खाणं सोडतो आणि पांढरी दोऱ्यासारखी विष्ठा लोंबायला लागते. शौकीन याला ‘मलावी ब्लोट’ म्हणतात. खाणं हे त्याचं एकमेव कारण नाही, ताण आणि खराब पाणीही त्याला जबाबदार असतं, पण आपल्या हातात सर्वात आधी असतं ते खाणंच.

किडे-कोळंबी टिपणारे: मलावीचे पीकॉक, टांगानिकाचे रिकाम्या शंखांत राहणारे छोटे सिक्लिड, रॅम, एपिस्टोग्रामा, एंजल, डिस्कस. यांना प्राणिज प्रथिनं हवीत, पण बारीक तुकड्यांत आणि बिनचरबीची.

सगळं चालणारे मोठे: ऑस्कर, कॉन्व्हिक्ट, जॅक डेम्प्सी, सेव्हरम. ऑस्करला लोक पक्का मांसाहारी समजतात. नदीत तो किडे, कोळंबी, खेकडे यांच्यासोबत पाण्यात पडलेली फळंही खातो. सेव्हरम तर भाजीकडे आणखी झुकलेला.

यात यलो लॅबकडे जरा नीट बघा. तो म्बुना म्हणून ओळखला जातो, राहतो खडकात, पण खातो मुख्यतः बारीक जीव, आणि स्वभावाने बाकी म्बुनांपेक्षा मवाळ. शेजारी निवडताना तो पुन्हा लागेल.

घरचं खाणं: मूळ कृती

घरचं खाणं म्हणजे पूर्ण आहार, असं समजू नका. चांगल्या पेलेटमध्ये, म्हणजे दुकानातल्या तयार गोळ्यांमध्ये, जीवनसत्त्वांचं जे मोजमाप असतं ते स्वयंपाकघरात जमत नाही. मी आठवड्यातले तीन दिवस घरचं देतो, बाकी दिवस पेलेट, एक दिवस उपास.

सर्वभक्षी माशांसाठी सुमारे एक किलोचा घाणा:

– कोळंबी ३०० ग्रॅम, पातळ सालासकट
– कमी चरबीचा पांढरा मासा १५० ग्रॅम, काटे काढून
– सोललेले मटार १५० ग्रॅम
– पालक १०० ग्रॅम
– गाजर ५० ग्रॅम
– लसूण ३ पाकळ्या
– स्पिरुलिना (शेवाळाची) पावडर २ मोठे चमचे
– जिलेटिन ३५ ते ४० ग्रॅम, २०० मिली पाण्यात
– माशांसाठी मिळणारे व्हिटॅमिनचे थेंब, बाटलीवरच्या प्रमाणात

म्बुनांसाठी हेच उलटं करायचं: मटार ३००, पालक १५०, झुकिनी १००, कोळंबी २००, मासा नाही, स्पिरुलिना ४ चमचे. वजनात भाजी खूप दिसते म्हणून घाबरू नका. भाजीत बहुतेक पाणीच असतं, त्यामुळे प्रथिनं वाटतात तितकी कमी होत नाहीत. ट्रोफियससाठी मी कोळंबी १०० वर आणतो आणि तेवढी झुकिनी वाढवतो. डिस्कस, रॅम, पीकॉक यांच्यासाठी मूळ कृतीतलं गाजर काढून मटार अर्धे करायचे आणि ती जागा कोळंबीने भरायची.

१. कोळंबी आणि मासा उकळत्या पाण्यात मिनिट-दोन मिनिटं घालून काढा, मासा आतपर्यंत पांढरा दिसला पाहिजे. पुष्कळ जण कच्चंच वापरतात. मी वापरत नाही, कारण काही कच्च्या माशांमध्ये आणि शिंपल्यांमध्ये थायमिनेज नावाचं विकर असतं, ते ब१ जीवनसत्त्व नष्ट करतं. गोठवल्याने ते मरत नाही, शिजवल्याने मरतं. मीठ, तेल, मसाला काहीही नको.

२. पालक उकळत्या पाण्यातून काढून ते पाणी फेकून द्या, त्यातलं ऑक्झॅलिक आम्ल बऱ्यापैकी निघून जातं. मटार मऊ करून सालं काढाच. ऑस्करसारखा सालं थुंकेल, छोटा मासा थुंकू शकत नाही आणि ती सालं फिल्टरच्या स्पंजात जाऊन बसतात.

३. मिक्सर थांबवत-थांबवत फिरवा. मोठ्या माशांसाठी जाडसर भरड, छोट्यांसाठी बारीक. अगदी गंधासारखं वाटलं तर पाण्यात पडताच विरघळतं आणि टाकी दुधाळ होते. लगदा दोन बोटांत दाबल्यावर कोळंबीचे कण हाताला लागले पाहिजेत.

४. जिलेटिन गार पाण्यावर भुरभुरून दहा मिनिटं फुगू द्या, मग भांडं गरम पाण्यात ठेवून विरघळवा. उकळायचं नाही, उकळलं की त्याची पकड जाते. लगदा कोमट असताना त्यात मिसळा. व्हिटॅमिनचे थेंब सर्वात शेवटी, बोट सहज बुडवता येईल इतकं निवल्यावर, कारण सी जीवनसत्त्व उष्णतेने नासतं आणि बहुतेक माशांना ते स्वतःच्या शरीरात बनवता येत नाही.

५. झिपच्या पिशवीत पाच मिलिमीटर जाडीचा थर पसरा, हवा काढा, फ्रीजमध्ये आडवं ठेवून घट्ट होऊ द्या. घट्ट झाल्यावर पिशवीवरूनच सुरीच्या पाठीने चौकटी आखा आणि मग फ्रीझरमध्ये टाका. गोठलेल्या पापडीतून हवा तेवढाच तुकडा मोडता येतो.

पाचव्या पायरीवर एवढा जोर का, तर पहिल्या खेपेला मी लगदा बर्फाच्या ट्रेमध्ये भरला होता. झाले दगडासारखे ठोकळे. घाईच्या एका रात्री अख्खा ठोकळा टाकीत सोडला, सकाळपर्यंत संपेल म्हणून. सकाळी पाणी पांढुरकं, सगळे मासे पृष्ठभागाशी तोंड लावून धापा टाकतायत, आणि अमोनियाच्या चाचणीत पिवळ्याऐवजी हिरवा रंग, म्हणजे पाणी विषारी झालेलं. अर्धं पाणी बदलून, दुपारी पुन्हा थोडं बदलून ते वाचले. ट्रे त्याच दिवशी स्वयंपाकघरात परत गेला.

जिलेटिनऐवजी चायना ग्रास म्हणजे आगर चालतं, पण त्याची खोड वेगळी आहे. ते उकळावंच लागतं, आणि साधारण ३५ ते ४० अंशांखाली येताच घट्ट होतं. गार लगद्यात ओतलंत तर क्षणात गुठळ्या. आधी लगद्याचं भांडं गरम पाण्यात ठेवून तो चाळीसच्या थोडा वर आणा, मग भराभर ढवळा. २५० मिली लगद्याला ३–४ ग्रॅम पावडर पुरते. गोठून सुटल्यावर आगर पाणी सोडतं, म्हणून ते आठवड्याभरापुरतंच करून फ्रीजमध्ये ठेवलेलं बरं. एका ठिकाणी मात्र मला आगरच लागतं, ते डिस्कससाठी. त्यांचं पाणी २८ ते ३० अंशांचं, त्यात जिलेटिन लवकर मऊ पडतं. शिवाय जिलेटिनच्या लगद्यात कच्ची पपई, अननस, किवी घालू नका. त्यांतली विकरं जिलेटिन तोडतात आणि रात्रभर वाट पाहूनही हाती पातळ सारच येतं.

बीफ हार्टचा, म्हणजे गाय-बैलाच्या हृदयाचा, प्रश्न नेहमी येतो. डिस्कस वाढवणारे ते वर्षानुवर्षं देत आले आहेत, चरबी नि पापुद्रे पूर्ण काढून. उबदार पाण्यात, वाढत्या पिल्लांना, दिवसात अनेकदा पाणी बदलणाऱ्याच्या हाताखाली ते चालून जातं. सस्तन प्राण्यांची चरबी मात्र माशाला नीट वापरता येत नाही, ती यकृतात साठते. घरच्या मिश्र टाकीत मला त्याची गरज दिसत नाही, कोळंबीत भागतं.

जिवंत गोल्डफिश खायला टाकणं तर मला अजिबात पटत नाही. गोल्डफिशमध्ये तेच थायमिनेज असतं, सोबत रोग येतात, आणि ऑस्करला हलतं ते सगळं खाण्याची चटक लागते. मग शेजारी आणायचे कुठून?

वाढण्याची पद्धत

तुकडा टाकीच्याच पाण्याच्या वाटीत पाच-दहा मिनिटं सुटू द्या, मग चहाच्या गाळणीत धुऊन घ्या. सुटलेलं पाणी टाकीत ओतायचं नाही, घाण तिथेच असते. मोठ्यांना दिवसातून एकदा किंवा दोनदा, दोन-तीन मिनिटांत फस्त होईल एवढंच. पिल्लांना तीन-चार वेळा, चिमूटभर. राहिलेलं दहा मिनिटांत नळीने ओढून काढा. पेलेटची चूक टाकी काही तास सोसते, ओल्या लगद्याची सोसत नाही. अमोनिया आणि नायट्राइट शून्यच हवेत. नायट्रेट आठवड्याच्या शेवटी ४० पीपीएमच्या वर जात असेल तर पाणी कमी बदललं जातंय किंवा जास्त वाढलं जातंय, बहुतेकदा दुसरंच. मी दर आठवड्याला ३० ते ४० टक्के बदलतो.

नवं खाणं पहिल्या दिवशी नखाएवढंच. मासा ते तीनदा तोंडात घेऊन तीनदा थुंकेल, त्यावरून नापास ठरवू नका, तुकडा मोठा आहे एवढाच त्याचा अर्थ असू शकतो. चौथ्या-पाचव्या दिवशी विष्ठा बघा. आखूड आणि खाल्लेल्याच्या रंगाची असेल तर ठीक. पांढरी, लांब, रिकाम्या नळीसारखी दिसली आणि माशाने खाणंही टाकलं असेल, तर घरचं खाणं बंद करा, पाणी तपासा आणि त्या माशाला वेगळं काढा.

एका उपाशी माशाची मात्र काळजी करू नका. म्बुनाची मादी खाण्याला तोंड लावत नाही, हनुवटी फुगलेली, मधूनच तोंड चावल्यासारखं हलवते, तर तिच्या तोंडात अंडी आहेत. साधारण तीन आठवडे ती जवळजवळ उपाशीच राहते. पिल्लं सोडल्यावर लगेच नरांच्या गर्दीत टाकू नका, आठवडाभर वेगळी ठेवून खाऊ-पिऊ घाला.

शेजारी निवडताना

आता पंगत. मी चार चाळण्या लावतो आणि क्रम मोडत नाही.

पहिली पाण्याची. मलावीचे मासे साधारण ७.८ ते ८.६ पीएचच्या जड पाण्यातले, टांगानिकाचे त्याहून वर, नऊच्या आसपास. डिस्कस, रॅम मऊ आणि किंचित आम्ल पाण्यातले. इथे मधला मार्ग काढू नका, त्यात दोघेही कुढतात.

दुसरी पोटाची. एकाच सरोवरातले म्हणजे एकाच ताटातले नव्हेत, आणि इथेच बहुतेक जण फसतात. ट्रोफियस आणि फ्रॉन्टोसा दोघेही टांगानिकाचे. एक शेवाळ खरवडणारा, दुसरा मासे गिळणारा. म्बुना आणि पीकॉक दोघेही मलावीचे. पीकॉक वाळूवर स्थिर तरंगत डोक्यावरच्या संवेदी छिद्रांनी वाळूखालची हालचाल टिपतो आणि मग झडप घालतो. तोवर म्बुनांची टोळी समोरचं सगळं साफ करून मोकळी. पीकॉकच्या जोडीला म्बुना हवाच असेल तर यलो लॅब घ्या. स्वभाव जुळतो, आणि एकच लगदा दोघांना चालतो.

तिसरी तोंडाची. दुकानातलं माप विसरा, पूर्ण वाढलेलं माप धरा. ऑस्कर ३० सेंटिमीटरच्या वर जातो. एंजल शांत दिसतो, पण निऑन टेट्रा सडपातळ असल्याने मोठ्या एंजलच्या तोंडात सहज मावतो, आणि रात्री एकेक कमी होत जातो. तोंडात मावतं ते सगळं अन्न, हा नियम शंभर टक्के पाळा, पण त्याला एक पुरवणी आहे: मावल्यावर अडकतं तेही टाळा. कोरीडोरास हा छोटा मांजरमासा आपल्या परांचे काटे ताठ करून बसतो. ऑस्करने तो गिळायचा प्रयत्न केला की घशात रुततो आणि दोघेही मरतात. ओटो या छोट्या मांजरमाशाचंही तेच.

चौथी जागेची आणि रागाची. सिक्लिडचा राग बहुधा आपल्यासारख्या दिसणाऱ्यावर निघतो: तोच रंग, तेच पट्टे, तीच ठेवण. म्हणून निळ्या-काळ्या पट्ट्यांच्या दोन म्बुना जाती एकत्र नकोत. शिवाय त्यांची संकरित पिल्लं होतात ती वेगळीच भानगड. म्बुनांत एका नराला तीन-चार माद्या ठेवल्या की त्रास वाटला जातो. टाकी जरा भरलेली असली तर कुणा एकाला सारखं लक्ष्य करता येत नाही, पण मग फिल्टर दुप्पट ताकदीचा हवा. ही गर्दीची युक्ती म्बुनांपुरतीच आहे. ऑस्कर किंवा कॉन्व्हिक्टच्या टाकीत ती वापरलीत तर पस्तावाल.

माझ्या पसंतीच्या जोड्या सांगतो.

टांगानिकाची छोटी टाकी सर्वात सुबक. तळाला रिकाम्या शंखांत राहणारे मल्टी, जेमतेम चार-पाच सेंटिमीटरचे. खडकांच्या फटीत ज्युलिडोक्रोमिसची जोडी. टाकी मोठी असेल तर वरच्या मोकळ्या पाण्यात सायप्रिक्रोमिसचा थवा. तिघांचे मजले वेगळे, खाणं एक: बारीक कोळंबीचा लगदा. मल्टी शंखाभोवती तोंडाने वाळू उपसतात, अगदी हट्टाने. त्यामुळे वाळू बारीक हवी आणि खडक आधी काचेवर ठेवून मग वाळू भरायची, नाहीतर खालून पोखरलेला खडक घसरतो.

ऑस्करसोबत सिल्व्हर डॉलरचा थवा किंवा सेव्हरम आणि एक मोठा प्लेको (तोंडाने चिकटून राहणारा मांजरमासा), टाकी निदान १५० × ६० × ६० सेंटिमीटर. तिघेही सर्वभक्षी लगदा खातात, सिल्व्हर डॉलर त्यातली भाजी आधी वेचतात आणि टाकीतली झाडंही संपवतात. झाडांचा नाद सोडा.

डिस्कससोबत कार्डिनल टेट्रा, रमीनोज टेट्रा, आणि तळाला उष्ण पाणी सोसणारा स्टर्बाय कोरीडोरास. प्लेको नको, काही प्लेकोंना रात्री डिस्कसच्या अंगावरचा चिकट थर चाटायची सवय लागते. एंजलसोबत टायगर बार्ब नको, ते परांच्या झालरी कुरतडतात.

मलावी-टांगानिकाच्या जड पाण्यात सायनोडोंटिस मांजरमासे चांगले रुळतात. त्यातला टांगानिकाचा ठिपकेवाला तर कोकिळेचा भाऊ आहे. सिक्लिड अंडी घालत असताना मध्ये घुसून आपली अंडी टाकतो, मादी तीही तोंडात घेते, आणि आधी फुटलेली मांजरमाशाची पिल्लं तिच्याच तोंडात तिची अंडी-पिल्लं खातात. सिक्लिडची वीण वाढवायची असेल तर त्याला आणू नका. नसेल तर जरूर आणा, बघण्यासारखा प्रकार आहे.

नवा मासा सोडताना

नव्याला तीन ते चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवा. रोग कळतो, आणि तेवढ्या दिवसांत तो घरचं खाणं ओळखायला लागतो. उपाशी आणि अनोळखी असा मासा मोठ्या टाकीत टिकत नाही. सोडायच्या दिवशी जुन्यांना पोटभर वाढा, खडकांची मांडणी बदला म्हणजे जुन्या हद्दी मोडतात, दिवा बंद करा, आणि शक्य असेल तर एकट्याला न सोडता तीन-चार एकदम सोडा. सर्वात भांडखोर मासा सर्वात शेवटी टाकीत यावा.

पुढचे दोन आठवडे वाढताना खुर्ची ओढून टाकीसमोर बसा. टाकीतली उतरंड जेवताना जितकी उघडी पडते तितकी इतर वेळी पडत नाही. एकाच वेळी दोन्ही टोकांना तुकडे टाका. दादा एका टोकाला गुंतला की दुसऱ्या टोकाला दबलेले खातात. कुणी वरच्या कोपऱ्यात हीटरमागे उभा राहून तुकडा समोरून गेला तरी हलत नसेल, शेपटी फाटली असेल, तर त्याचं ‘जमेल हळूहळू’ होत नाही. त्याला त्याच दिवशी काढा. दोन-तीन जण मार खात असतील तर उलट करा: मारणाऱ्यालाच चार-पाच दिवस बाहेर ठेवा, खडक हलवा, मग परत सोडा. तो परततो तेव्हा नवखा तोच असतो. जोडी जमलेल्या कॉन्व्हिक्टवर हा उपाय लागू पडत नाही. अंडी घातली की ते बाकीच्या सगळ्यांना एका कोपऱ्यात कोंबतात आणि पिल्लं मोठी होईस्तोवर तसंच चालतं. त्यांना स्वतंत्र टाकीच द्या.

आणि काही मासे कुणालाच खपवून घेत नाहीत. माझा फ्लॉवरहॉर्न तसा आहे. तीन वेळा सोबत देऊन पाहिली, तीनही वेळा पाहुण्याला रात्रीच्या आत बाहेर काढावं लागलं. आता तो एकटाच असतो. त्याच्यासाठी वरच्या कृतीतला पाव घाणा करतो. तुकडा लांब लाकडी चिमट्यात धरायचा, पाण्यात चार बोटं खाली, आणि हात लगेच मागे घ्यायचा.